उष्णताप्रिय कवके : एका संज्ञेचा विचार

भिलाईजवळील मरोदा येथे उन्हाळ्यात भुई होरपळते. परंतु ओल्या पेंढ्याच्या ढिगाच्या पोटातील ऊब सूर्याची नव्हे. सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून ती उपजते, आणि अशाच जागी उष्णताप्रिय कवके वाढतात. कूनी व एमर्सन यांनी १९६४ मध्ये त्यांची मर्यादा आखून दिली : वाढीचे किमान तापमान २०° सेल्सिअस वा अधिक, कमाल ५०° वा अधिक.

‘प्रिय’ हे पद मात्र फसवे आहे. ही प्रीती सशर्त असते. थर्मोमायसीज लॅन्युजिनोसस या कवकाची ५०° ला अंकुरलेली बीजुके आधी तासभर ५५° ला ठेवली, तर पुढे ५८° चा ताप ती अधिक प्रमाणात सोसतात, असे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. त्या तासाभरात पेशी तापाघात-प्रथिने घडविते; विस्कटू लागलेल्या इतर प्रथिनांना ती सावरून धरतात. प्रथिननिर्मितीच रोखली, तर हे संरक्षणही लोपते. म्हणजे येथे प्रीतीपेक्षा पूर्वतयारीच अधिक दिसते. मग ‘तापसह’ म्हणावे काय? तो शब्द अडलेला आहे : २०° खालीही वाढणाऱ्या, तरी ५०° च्या आसपासचा ताप सोसणाऱ्या ॲस्परजिलस फ्युमिगेटससारख्या कवकांसाठी तो लागतोच.