सर्व्हरच्या बारशाआधी

अगं, नवा सर्व्हर उभा करताना डोमेनचं नाव विचारलं आणि तू बँकेच्या मेलचंच नाव टाकायला निघालीस? थांब. ते बटण दाबण्याआधी दोन गोष्टी ऐक.

मेलचं नाव लोकांसाठी असतं. ते पाटीवर, पासबुकावर छापलं जातं, आणि वरून आदेश आला की बदलावंही लागतं. २०२५ मध्येच रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं ना? ते निस्तरता येतं. नवे एमएक्स, एसपीएफ रेकॉर्ड टाकायचे, जुन्या पत्त्यावरची मेल काही काळ नव्याकडे वळवायची. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं, म्हणजे तू आत्ता सर्व्हरवर देतेयस ते नाव मात्र एकदा चिकटलं की चिकटलं. आत एक्स्चेंज असेल तर ते बदलायला मायक्रोसॉफ्टच नाही म्हणते.

शिवाय आत-बाहेर एकच नाव ठेवलंस, तर ऑफिसातून बँकेची वेबसाइट शोधणारा डोमेन कंट्रोलरवर जाऊन आपटतो. बाहेरची प्रत्येक नोंद आतल्या डीएनएसमध्ये हातानं भरत बसायची. वेबसाइटवाल्यानं गुपचूप आयपी बदलला की तुझा फोन वाजलाच म्हणून समज: ‘मॅडम, ग्राहकांना साइट दिसते, आम्हालाच दिसत नाही!’

मग एखादा जुना व्हेंडर सांगेल, डॉट लोकल टाका. एके काळी मायक्रोसॉफ्टही छोट्या ऑफिसांना तेच सुचवायची, त्यामुळे त्याला हसू नकोस. पण २०१३ पासून ते नाव प्रिंटर, अ‍ॅपलची यंत्रं वगैरेंना आपापसांत ओळख पटवायला राखून दिलंय. आणि १ नोव्हेंबर २०१५ नंतर असल्या घरगुती नावांना सार्वजनिक सर्टिफिकेट मिळत नाही. मनाला येईल ते ‘कॉर्प’ तर मुळीच नको. कितीतरी कंपन्यांनी ते ठेवलं, लॅपटॉप बाहेर गेले आणि ‘कॉर्प डॉट कॉम’चे दरवाजे ठोठावू लागले. शेवटी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते डोमेनच विकत घेतलं. ‘डॉट इंटर्नल’ २०२४ मध्ये खास राखीव झालंय, पण सर्टिफिकेटचं रडगाणं तिथंही आहेच.

माझं ऐकशील तर स्वतःच्या मालकीच्या डोमेनखाली एक उपडोमेन घे. ‘एडी’ म्हण, ‘नेट’ म्हण, जितकं कंटाळवाणं तितकं बरं. चेअरमनसाहेबांच्या लाडक्या योजनेचं नाव त्यात घुसवू देऊ नकोस. कर्मचाऱ्यांचं काय म्हणशील, तर मेलचं डोमेन यूपीएन सफिक्स, म्हणजे लॉगिन-नावातला ‘@’नंतरचा भाग, म्हणून जोड. ते ईमेल टाकूनच लॉगिन करतील, आतलं नाव त्यांना दिसणारही नाही. उद्या मेलचं नाव बदललं तर आत फक्त सफिक्स बदलायचा. जुनं डोमेन मात्र सोडायचं नाही, आतलं नाव त्याच्याखालीच आहे ना; दरवर्षी रिन्यू करायचं.

आणि हो, ते डोमेन नोंदवलंय कुणाच्या नावावर? नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या तरी जीमेलवर निघालं तर पंचाईत. उद्या आधी ते तपास, बँकेच्या नावावर करून घे, मग सर्व्हरला हात लाव.