काडीकिडा पाळायचा तर

वाङ्मय मंडळाच्या अंकात किड्यांवर पाठ कशाला, असं काही जण म्हणतील. म्हणू देत. गुलाबाच्या फांदीवर एक काडी दिसते, तिच्यावर फुंकर मारली की ती वाऱ्यावर झुलल्यासारखी डुलायला लागते. असा प्राणी ज्यानं एकदा पाहिला, तो अंड्यांपर्यंतची चौकशी करतोच.

मी लिहिते आहे ती जात कारॉसियस मोरोसस. ‘मोरोसस’चा लॅटिन अर्थ तुसडा, घुम्या. दिवसभर काडी होऊन पडून राहायचं नि रात्री खायचं, अशा प्राण्याला ते शोभतं. ही मूळची तमिळनाडूतली, कोडाईकनालजवळच्या शेंबगनूरची. सिनेती या फ्रेंच अभ्यासकानं १९०१ साली तिचं वर्णन केलं. पुढं ती युरोपातल्या प्रयोगशाळांत आणि शाळांत इतकी रुळली, की आज जगात सगळ्यात जास्त पाळला जाणारा काडीकिडा हाच असावा.

खाणं सोपं, पण तिथंच बहुतेकांची चूक होते. तिकडं ब्रॅम्बल नावाची काटेरी झुडपं आणि आयव्हीची वेल देतात. ब्रॅम्बल गुलाबाच्याच कुळातलं, म्हणून आपल्याकडं गुलाबाची पानं चालतात. मात्र ती फवारणी न केलेल्या झाडाची हवीत. फुलवाल्याकडची किंवा नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाची नकोत. त्यांवरचं औषध नुसत्या धुण्यानं जाईलच असं नाही. मी जून पानं देते. नुकतं जन्मलेलं पिल्लू जेमतेम सेंटिमीटरभर असतं आणि पान कडेनं कुरतडतं. म्हणून पानाची कड कात्रीनं थोडी कापली की त्याला सुरुवात करायला सोपं जातं. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवायची आणि बाटलीचं तोंड कापसानं गच्च बंद करायचं, नाहीतर पिल्लं आत बुडून मरतात. संध्याकाळी पानांवर थोडं पाणी फवारलं की ते थेंब पितात. तळ मात्र ओला राहू द्यायचा नाही, बुरशी धरते.

पिंजरा रुंदीपेक्षा उंचीला महत्त्वाचा. मोठी मादी आठ-दहा सेंटिमीटरची होते आणि कात टाकताना उलटी लटकून जुन्या कातड्यातून खाली सरकते. तेव्हा खाली किड्याच्या लांबीच्या निदान दुप्पट-तिप्पट मोकळी जागा लागते. मध्येच धक्का लागला, पडली, तर पाय वाकडे होतात. वाढत्या वयात पाय तुटला तर पुढच्या कातींबरोबर नवा फुटतो, जरा आखूड. टाकलेली कात ती बहुधा स्वतःच खाऊन टाकते, त्यामुळं कात सापडली नाही म्हणून घाबरू नये.

आता अंडी. या जातीत नर अगदी विरळा. मादी नराशिवायच अंडी घालते आणि त्यांतून मादीच निघते. अंडं दोनेक मिलिमीटरचं, एखाद्या बीसारखं, टोकाला पिवळसर गोंडा. मादी ती ठेवत नाही, सरळ खाली टाकते. विष्ठेतून ती वेचायची म्हणजे तांदूळ निवडण्यासारखंच काम! खोलीतल्या साध्या तापमानात तीन-चार महिन्यांनी पिल्लं निघतात, आणखी पाच-सहा महिन्यांत तीही अंडी घालू लागतात.

एक मादी काही महिन्यांत शेकड्यांनी अंडी टाकते. मी त्यांतली वीस ठेवते, बाकीची डबीत घालून फ्रीझरमध्ये. हे सांगितलं तेव्हा प्रथम वर्षाचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे मारायचीच की!” हो, मारायचीच. त्याला बरं वाटावं म्हणून मी दुसरा शब्द वापरला नाही. सगळी उबवू दिली तर दोन पिढ्यांत पानं पुरत नाहीत, आणि उपाशी किडे एकमेकांचे पाय कुरतडतात. मग तो म्हणाला, “बागेत सोडूया.” तेही नको. कॅलिफोर्नियात आणि दक्षिण आफ्रिकेत पाळीव किडे बाहेर पडून स्थायिक झाले आहेत. जिथं नराची गरज नाही, तिथं सुटलेली एक मादीसुद्धा पुरते. कचऱ्यात टाकलेलं जिवंत अंडंही तेवढंच.

त्या मुलाला पिल्लं हवी आहेत. मी त्याला सहा अंडी दिली, आणि आधी घरात गुलाबाची दोन कुंड्या लावायला सांगितलं. कुंड्या लागल्या आहेत. अंड्यांची डबी तो रोज उघडून बघतो. अजून अडीच महिने आहेत.