सेवाव्रती आणि शीण

परोपकाराचे माहात्म्य आपण लहानपणापासून वाचीत आलो आहोत. चंदनाने झिजावे, दिव्याने जळावे, वृक्षाने आपली फळे दुसऱ्यासाठी वाहावी, हे दृष्टांत कोणास पाठ नाहीत? निबंधाच्या वहीत तर ते हटकून येतात. परंतु झिजता झिजता चंदनाचे खोड संपते आणि तेल न घातलेला दिवा विझतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. प्रस्तुत लेखात तोच विचार करावयाचा आहे. महापूर, भूकंप, साथ, युद्ध अशा आपत्तींत जे लोक परक्यांच्या साहाय्यास धावून जातात, त्यांचे स्वतःचे मन व शरीर कसे थकते, का थकते, आणि त्यावर उपाय कोणता, हा आपला विषय होय.

प्रथम एका थोर चरित्राकडे वळू. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १९१० साली सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. जपानच्या आक्रमणाने होरपळलेल्या चीनच्या मदतीसाठी राष्ट्रीय सभेने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, डॉ. अटल, डॉ. चोळकर, डॉ. बसू, डॉ. मुखर्जी आणि हे तरुण कोटणीस. तेथे औषधे अपुरी, साधने तुटपुंजी, थंडी कडाक्याची आणि जखमींची रीघ अखंड. १९४० साली एका लढाईच्या वेळी त्यांनी बहात्तर तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, आणि शस्त्रक्रिया करता करता नव्या चिनी विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. पथकातील इतर डॉक्टर स्वदेशी परतले. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस वर्षांचे. घरी पत्नी आणि काही महिन्यांचे बालक. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला, तो आपल्यापैकी पुष्कळांच्या आजी-आजोबांनी पाहिला असेल.

या चरित्रासमोर मस्तक नमवावे हे योग्यच. तरी एक प्रश्न मनात उभा राहतो. आपण त्यातून ते बहात्तर तास तेवढे लक्षात ठेवतो. पण एका माणसावर बहात्तर तास जागण्याची पाळी यावी, ही परिस्थिती गौरवाची की दुःखाची? बदलीस दुसरा डॉक्टर असता तर कोटणिसांचा मोठेपणा उणा झाला असता काय? मुळीच नाही. कदाचित त्यांच्या हातून आणखी अनेक वर्षे सेवा घडली असती.

कोटणिसांचे मन विझले होते असे कोणी म्हणणार नाही. थकले ते शरीर. याहून निराळा आणि अधिक अवघड असा एक थकवा आहे. त्यात हातपाय चालत राहतात आणि आतला माणूस मात्र विझत जातो. या अवस्थेस इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. आपण तिला ‘सेवेचा शीण’ म्हणू. या शब्दाला शास्त्रात स्थान मिळाले ते १९७४ साली. न्यूयॉर्क शहरातील एका मोफत दवाखान्यात हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ काम करीत असत. उत्साहाने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांतच चिडचिडे, उदास आणि निर्विकार होतात, हे त्यांनी पाहिले आणि त्यावर लेख लिहिला. ध्यानात घ्या, हा शब्द जन्मास आला तो आळशी लोकांविषयी नव्हे, तर सर्वांत उत्साही लोकांविषयी.

पुढे ख्रिस्तिना मॅस्लॅक या विदुषींनी त्याची तीन लक्षणे ठरविली. पहिले लक्षण म्हणजे मनाचा पूर्ण थकवा. साधा शीण रात्रीच्या झोपेने जातो. हा सकाळी उठल्यावरही तसाच असतो. दुसरे लक्षण म्हणजे समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा. पहिल्या दिवशी ज्या परिचारिकेचे डोळे रुग्णासाठी पाणावले, तीच काही काळाने त्याला नावाने न हाकारता खाटेच्या क्रमांकाने हाकारू लागते. तिसरे लक्षण म्हणजे आपल्या हातून काहीच होत नाही, ही निराशा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली या अवस्थेची नोंद घेतली. तिने यास रोग म्हटले नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेला ताण नीट न आवरल्यामुळे उद्भवणारी अवस्था म्हटले. म्हणजे दोष केवळ माणसाच्या स्वभावात शोधावयाचा नसून कामाच्या व्यवस्थेतही शोधावयाचा आहे.

ही गोष्ट समजून घेण्यास आपले बऱ्हाणपूरच साहाय्य करील. येथील कुंडी भंडारा आपण सहलीत पाहिला असेल. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात ही योजना सिद्धीस गेली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भुयारात झिरपते आणि शंभराहून अधिक कुंड्यांच्या खालून, केवळ उताराच्या बळावर, शहराकडे वाहत येते. या भंडाऱ्याची कीर्ती त्याच्या न आटणाऱ्या पाण्यामुळे. पण ते पाणी कुंडीत निर्माण होत नाही. वर डोंगरात पाऊस मुरला पाहिजे, भुयारातील वाट मोकळी राहिली पाहिजे, साचलेला गाळ वेळोवेळी निघाला पाहिजे. आणि एकट्या कुंडीचे सामर्थ्य ते किती? त्या एकमेकींस जोडलेल्या आहेत म्हणूनच प्रवाह चालतो. सेवकाचेही तसेच आहे. विश्रांती हा त्याचा पाऊस, मनातले दुःख बोलून टाकणे हा गाळाचा उपसा, आणि सहकारी या त्याच्या शेजारच्या कुंड्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता सेवकाला हा शीण का येतो ते पाहू. आपत्तीच्या कामाला घड्याळ नसते, हे एक कारण. गरज डोंगराएवढी आणि हाती साधने मूठभर, हे दुसरे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. अशा ठिकाणी सेवकाने दहांना वाचविले तरी न वाचलेला अकराव्वाच त्याच्या स्वप्नात येतो. तिसरे कारण म्हणजे दिवसचे दिवस इतरांचे दुःख ऐकणे. ऐकणाऱ्याच्या मनातही ते साठत जाते. आणि चौथे, सर्वांत सूक्ष्म कारण म्हणजे विश्रांतीची लाज. ‘लोक एवढ्या दुःखात असताना मी जेवू कसा, झोपू कसा?’ असे चांगल्या माणसाला वाटते, आणि तेथूनच त्याचा पाय घसरू लागतो.

हे सारे दूरदेशीच घडते असे मात्र समजू नका. आपल्या गल्लीतील ‘आशा’ कार्यकर्तीकडे पाहा. ही योजना २००५ साली सुरू झाली. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेणे, बालकांच्या लसी, घरोघरची विचारपूस, नोंदवह्या, आणि घरी आल्यावर स्वतःची चूल. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा आपण दारे लावून आत बसलो होतो आणि या भगिनी दारोदार फिरत होत्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण हार घातल्याने पायांचा शीण उतरत नाही. पुरेसा मोबदला, पाळीपाळीने काम आणि घरच्यांचा हातभार यांनी तो उतरतो.

उपायांचा विचारही याच दिशेने झाला आहे. आपत्तीत काम करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका सिद्ध केली. तीत इतरांस धीर कसा द्यावा हे सांगितले आहे, तसेच सेवकाने आपली व आपल्या सोबत्यांची काळजी कशी घ्यावी हेही सांगितले आहे. त्यातील सार आपल्या घरच्या भाषेत असे सांगता येईल: शक्यतो जोडीने काम करावे, कामाची पाळी ठरवावी आणि ती संपताच दुसऱ्याच्या हाती सोपवावी, वेळेवर जेवावे व झोपावे, दिवसाअखेर सोबत्याशी मोकळेपणाने बोलावे, आणि सगळ्या जगाचे दुःख आपल्या एकट्याने निवारणे नाही, हे मनाशी पक्के ठेवावे. पथकप्रमुखाचे कर्तव्य याहून मोठे. थकलेल्यास विश्रांतीला पाठविणे ही त्याने दाखविलेली दया नव्हे. तो त्याच्या कामाचाच भाग आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी परिचारिका, कोणी पूरग्रस्तांच्या छावणीत स्वयंसेवक. तेव्हा ‘मी थकलो’ असे म्हणण्यास लाजू नका, आणि दुसरा कोणी तसे म्हणाला तर त्याला दुबळा समजू नका. त्याच्या हातातील काम घटकाभर आपल्या हाती घ्या. याचा आरंभ आजही करता येईल. घरात आजीचे दुखणे काढणारी आई किंवा काकू रात्र रात्र जागत असेल, तर एक रात्र तुम्ही उशाशी बसा आणि तिला झोपू द्या.

अभ्यासासाठी प्रश्न

१. साधा शीण आणि सेवेचा शीण यांतील भेद उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. ‘विश्रांतीची लाज’ म्हणजे काय? ती चांगल्या माणसांनाच अधिक का वाटते?
३. कुंडी भंडाऱ्याच्या रचनेवरून सेवकांच्या पथकाने कोणता बोध घ्यावा?
४. आपल्या मोहल्ल्यातील आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा सफाई कामगार यांच्यापैकी एकास त्यांच्या सवडीने भेटा. त्यांच्या दिवसाचे वेळापत्रक लिहून घ्या आणि त्यात विश्रांतीचे तास किती, ते मोजा.