रस्सा ओतून बघा

आमची आष्टी परतूर तालुक्यातली, बीडची नव्हे. ट्रान्सपोर्टवाल्यांना हे दरवेळी बजावून सांगावं लागतं. इथल्या लग्नांना, भंडाऱ्यांना, तेरवीला डिस्पोजलचा माल आमच्या दुकानातून जातो. हल्ली जो तो ‘प्लास्टिक-फ्री’ वाट्या मागतो, म्हणून हे चार शब्द.

एका व्यापाऱ्याने शंभर टक्के कागदी म्हणून वाट्या पाठवल्या. आतून फारच चकचकीत दिसल्या. एक वाटी सोडा टाकलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवली आणि सकाळी अंगठ्याने चोळली. कागदाचा लगदा सुटून गेला अन् हातात आरपार दिसणारा पापुद्रा राहिला. माल परत केला. प्लास्टिकचं कोटिंग असलेल्या कागदी वाट्या-प्लेटाही जुलै 2022 पासून महाराष्ट्रात बंदीत आहेत. पहिल्यांदा सापडलात तर दंड 5,000 रुपये, आणि पकडतात ते गल्ल्यावर बसलेल्याला.

पापुद्रा निघाला की व्यापारी म्हणतो, “हे पीएलए आहे, मक्यापासूनचं.” असेलही. प्रमाणित कंपोस्टेबल मालाला नंतर मुभा मिळाली आहे, तेव्हा प्रमाणपत्र मागा. पण गिऱ्हाइकाला ‘उकिरड्यात टाका, कुजेल’ असं सांगू नका. पीएलए कुजायला 58 अंशांच्या आसपासची उष्णता बरेच दिवस टिकावी लागते. ‘वॉटर-बेस्ड’ या शब्दावरही जाऊ नका. ते कोटिंग पाण्यात कालवून लावतात एवढाच त्याचा अर्थ. आत बहुतेकदा अ‍ॅक्रिलिकच असतं.

खरी गोम तेलात आहे. पाणी अडवणं वेगळं, तेल अडवणं वेगळं. व्यापारी वाटीत गार पाणी ओतून दाखवतो. आपल्याकडे वाढायची असते काळ्या मसाल्याची तर्री. उसाच्या चिपाडाच्या वाट्यांत तेल अडवायला पूर्वी सर्रास पीफास नावाची रसायनं घालत. ती शरीरात साठतात आणि निसर्गात पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. डेन्मार्कने 2020 मध्ये कागदी खाद्यवेष्टनात त्यांच्यावर बंदी घातली, आणि अमेरिकेत अशा वेष्टनांसाठी त्यांची विक्री थांबल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. म्हणून चिपाडाचा माल घेताना पीफास नसल्याचा लॅब रिपोर्ट मागा. व्यापारी नुसता ‘नॅचरल आहे हो’ म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

ऑर्डर देण्याआधी नमुना घरी आणा. वाटी कोऱ्या कागदावर ठेवा, उकळता तर्रीदार रस्सा ओता आणि पंगत उठेपर्यंत जेवढा वेळ जातो तेवढा वेळ तशीच राहू द्या. मग खालचा कागद उजेडात धरा. तेल झिरपलं असेल तर तिथे पारदर्शक डाग दिसेल. दाबून केलेल्या कागदी वाटीच्या चुण्यांकडे विशेष बघा, कोटिंग पहिल्यांदा तिथंच तडकतं. कोरडी भाजी, भात, बुंदी यांना कोटिंगची गरजच नाही. पळसाची पत्रावळ बेस. पानाला मुळातच मेणचट थर असतो.

आणि पावसाळ्यात खोकी फरशीवर ठेवू नका, फळीवर ठेवा. कोटिंग कितीही चांगलं असलं तरी ओल कापलेल्या कडेने शिरते.