नाथसागराला वळसा घालण्याआधी

शेंद्रा,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. ताईस,


तुझा बेत वाचला. गिअरची सायकल घेतलीस, दोन मैत्रिणींना तयार केलंस, आता नाताळच्या सुट्टीत पुण्याहून इथं यायचं, शेंद्र्याहून निघायचं आणि नाथसागराला वळसा घालून दोन दिवसांत परत. वर विचारतेस, "मामा, दोनशे किलोमीटर भरतील ना?" भरतील की. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या करणारे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत करतात, त्यांच्या जिद्दीला माझा नमस्कार. पण आकडाच भरायचा असेल तर नाथसागर कशाला? जालना रोडनं नाकासमोर जा आणि तशीच परत ये. पाण्याच्या काठानं जायचं असेल तर चार दिवस काढ. तीस-पस्तीस किलोमीटर झाले की दिवस संपला म्हणायचं.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचं पाणी. धरण म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढं भिंत, 27 दरवाजे आणि खालचं ज्ञानेश्वर उद्यान येत असणार. ती बाजू सहलीवाल्यांची. तुला जायचंय ते भिंतीच्या मागं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी या धरणाची पायाभरणी केली आणि 1976 साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते खुलं झालं. मातीची भिंत दहा किलोमीटर लांब आहे. डोंगराच्या खोबणीत पाणी अडवावं तसं इथं नाही. सपाट काळ्या रानात गोदावरी अडवली, म्हणून पाणी खोल न जाता पसरत गेलं, साडेतीनशे चौरस किलोमीटर. आपल्याकडं समुद्र नाही, पण पिंपळवाडीच्या पुढं काठावर उभी राहिलीस तर पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात धुकं असेल तर विचारूच नकोस.

या सपाटीमुळं एक गंमत होते आणि ती नीट कळायला सायकलच लागते. पाणी हातभर उतरलं तरी काठ कुठल्या कुठं मागं सरकतो. उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी लगोलग हरभरा, गहू पेरतात. त्याला गाळपेरा म्हणतात. नांगरट कमी, खताची गरज कमी, ओल जमिनीतलीच. तुझ्या मोबाइलच्या नकाशात जिथं निळं दिसेल तिथं समोर हरभरा उभा असेल, आणि नकाशातला रस्ता थेट पाण्यात उतरलेला सापडेल. तेव्हा नकाशा खिशात ठेव आणि माणसाला विचार. पाण्यात उतरणारे ते रस्ते जुन्या गावांचे आहेत. शंभरावर गावांना या धरणाची झळ लागली. माणसं उठून वर सरकली आणि कित्येकांनी नव्या गावालाही जुनंच नाव दिलं. काठावर म्हातारं माणूस भेटलं की एवढंच विचार, "बाबा, जुनं गाव कुठं होतं?" मग सायकल स्टँडला लाव, कारण अर्धा तास तरी जाणार. बोटानं पाण्याकडं दाखवत मारुतीचं देऊळ इथं, आमचा वाडा तिथं, असं सांगणारी पिढी आता थोडी उरलीय. ताशी पंचवीसच्या वेगानं जाणाऱ्याला ती भेटत नाही.

आता वाट सांगतो. शेंद्र्याहून पैठणपर्यंत सायकल चालवायचा हट्ट धरू नकोस. कंपन्यांची शिफ्ट सुटते तेव्हा जालना रोडवर काय हाल असतात ते तू पाहिलंयस. पुढं बीड बायपास, मग महानुभाव आश्रमापासून पैठण रोड. तिन्ही सायकली छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत, टाकून बिडकीनपर्यंत जा. यात कमीपणा काही नाही. ज्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही आणि धोका मात्र आहे, तो चाकांवर कापून कुणी मोठं होत नाही. समृद्धी महामार्गावरून जाऊ का, असंही लिहिलंस. तिथं दुचाकीलासुद्धा मज्जाव आहे, सायकल कुठली सोडतात!

बिडकीन, ढोरकीन, पिंपळवाडी, पैठण. पहिला मुक्काम पैठणला. धरणाच्या भिंतीवरून सायकल नेता येईल अशी आशा ठेवू नकोस. दुसऱ्या दिवशी गोदावरी ओलांडून शेवगावच्या रस्त्याला लाग. घोटणला मल्लिकार्जुनाचं हेमाडपंती देऊळ आहे, तिथं बूट काढून थोडं बस. पुढं आडवाटेनं दहिगाव-ने, एरंडगाव या बाजूला उतर. पाखरं बघायची तर याच काठाला. तिसऱ्या दिवशी भेंड्यावरून नेवासे. ज्ञानोबांनी जिथं ज्ञानेश्वरी सांगितली तो पैस खांब तिथं आहे. चौथ्या दिवशी प्रवरासंगम, टोके, पूल ओलांडून कायगाव, आणि तिथून घर. पुण्याच्या हमरस्त्यावर पुन्हा छोटा हत्ती बोलाव. मी पाठवतो.

पूल ओलांडताना थोडी थांब. आज तिथं फक्त जिल्हा बदलतो, अहिल्यानगर संपून आपला सुरू होतो. पण 1948 पर्यंत त्या नदीवर दोन राज्यांची हद्द होती. कायगाव, पैठण निजामाचं. टोके, शेवगाव, नेवासे इंग्रजांचं. अलीकडं कचेरीत उर्दू, पलीकडं मराठी आणि इंग्रजी. इकडचा रुपया हाली, तिकडचा कलदार, आणि सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. माल नेला की करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. लेक मात्र नदीपलीकडं बिनदिक्कत दिली जायची, त्यामुळं एका घरचं माहेर निजामाच्या राज्यात आणि सासर इंग्रजांच्या. हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात इथले कार्यकर्ते हद्द ओलांडून पलीकडं जायचे, तिथल्या शिबिरांतून परत आत शिरायचे. 17 सप्टेंबरला आपण जे झेंडावंदन करतो त्याची एक बाजू अशा गावांत घडलीय. शाळेच्या पुस्तकात हैदराबाद येतं, सोलापूर येतं. टोक्याचा पूल येत नाही.

हद्द गेली, पण भांडण पाण्यात उतरलं. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही यावरून दर दुष्काळात दोन्हीकडची माणसं कोर्टात असतात. 2005 च्या कायद्यानं समन्यायी वाटप आलं, ऑक्टोबरच्या मध्यावर जायकवाडीत 65 टक्क्यांचा हिशेब आला, तरी मनं काही मिटली नाहीत. तू दक्षिण काठाला गेलीस आणि "शेंद्र्याची" म्हणालीस की कुणीतरी म्हणेलच, "आमची जमीन बुडाली आणि पाणी तुमच्या कारखान्यांना." ऐकून घे. धरण मराठवाड्यासाठी झालं, पण शेवगाव-नेवाशाचीही शेतं त्यात गेली, हे खरं आहे. आणि तू रोज ज्या टाकीचं पाणी पितेस ना इथं आलीस की, ते त्याच सागराचं आहे, हेही खरं. वाद घालायला जाऊ नकोस. उत्तर काठाला आल्यावर तोच प्रश्न तिथल्या माणसाला विचार, तो उलटं सांगेल. चार दिवसांत दोन्ही बाजू एकाच सायकलवरून ऐकायला मिळतात, हे माझ्या मते या फेरीचं सगळ्यात मोठं देणं आहे. पाखरांपेक्षाही मोठं, जरी पाखरांचं वेड मला जास्त आहे.

पाखरांचं सांगतो. 1986 पासून हे अभयारण्य आहे. डिसेंबर-जानेवारीत चक्रवाक जोडीजोडीनं दिसतील, पट्टकादंबांचे थवे हिमालय ओलांडून आलेले असतील, तलवार बदकं असतील, नशीब असेल तर रोहित. सायकलचा आवाज नसतो म्हणून पाखरं जवळ येऊ देतात, पण तू थांबलीस की उडतात. म्हणून काठापासून लांबच उतर, सायकल आडवी ठेव, मग पायी हळू जा. गाणी वाजवायचा तो छोटा स्पीकर घरी ठेव. ड्रोन तर मैत्रिणीला आणूच देऊ नकोस.

डोंगर नाही म्हणून ही फेरी सोपी, असं समजू नकोस. सपाट रानातला चढ म्हणजे वारा. आडोशाला झाड नाही, टेकडी नाही, आणि पाण्यावरून येणारा वारा थेट छातीवर बसतो. हॉलंडवाल्यांची सगळी जमीन अशीच, म्हणून त्यांनी वाऱ्याचीच स्पर्धा काढलीय. समुद्रावरच्या ऑस्टरस्केल्डे बंधाऱ्यावर, वादळ आलेलं बघून, बिनगिअरच्या साध्या सायकलींवर वाऱ्याच्या तोंडाला साडेआठ किलोमीटर. तुला तसलं काही करायचं नाही. आपल्याकडं हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेचा, ईशान्येचा. दक्षिण काठानं पश्चिमेला जाताना तो पाठीशी राहील आणि वाटेल आपण फार तयारीच्या. परतीला तोच समोर येईल. सकाळी तो निजलेला असतो, म्हणून उजाडताच निघ आणि अकराच्या आत मुक्कामाजवळ पोच. गिअर हलका ठेव, पाय फिरत राहू दे, वाऱ्याशी कुस्ती नको.

काळ्या मातीचं तुला पुण्यात राहून कळायचं नाही. वाळलेली असली की सिमेंट, भिजली की चिकणी. ओल्या गाळात दहा हात गेलीस की मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये माती अशी गच्च बसते की चाक फिरायचंच बंद होतं. मग काडीनं उकरत बसायचं. आदल्या रात्री अवकाळी झाली असेल तर काठाचा नाद सोड, डांबरी धर. दुसरी गोष्ट वेडी बाभूळ. काठाला तिचं रान माजलंय आणि काटा टायरातून आरपार जातो. तिघींत मिळून चार ट्यूब, पॅच, सोल्यूशन आणि दोन पंप असू देत. पंक्चर काढता येतं ना? येत नसेल तर निघायच्या आधी पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानात बसून शीक. व्हिडिओ बघून शिकलेलं काटा घुसल्यावर आठवत नाही.

अंधार पडल्यावर चालवायचं नाही, यात तडजोड नाही. उसाचा हंगाम आहे. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या जातात, बऱ्याचशा बिनदिव्यांच्या, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. मागून येताना वळणावर शेवटची ट्रॉली आत कापते. तेव्हा उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहा, जाऊ दे त्याला. वस्तीवरची कुत्री धावली तर सायकल पळवू नकोस. उतरून सायकल मध्ये धर आणि चालत जा, दोन मिनिटांत ती कंटाळतात.

जेवणाची चिंता नको. शेतात कुणी ज्वारीची भाकरी आणि ठेचा पुढं केला तर "नको, निघायचंय" म्हणू नकोस, बस. पैसे देऊ केलेस तर रागावतील. घरात लेकरू असेल तर त्याच्या हातावर खाऊ ठेव. धरणाचं पाणी मात्र थेट पिऊ नकोस. पैठण आणि नेवासे दोन्ही देवाची गावं, मुक्कामाची सोय होते, पण सुट्टीत गर्दी असते. पैठणचं मी आधी बोलून ठेवतो, नेवाशाचं तू फोनवर पक्कं कर. दुसऱ्या मुक्कामाला दहिगावकडं कुणाच्या घरी उतरायचं ते मी कळवीन.

दोघी मैत्रिणींच्या घरचे नंबर मला आधी पाठव. तुझ्या आईला मी दोनशे किलोमीटरचं काही सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. पाण्याकाठी पहाटे बोचरी थंडी असते, कानटोपी आणि हातमोजे आण. मामीनं ज्वारीचं नवं पीठ काढून ठेवलंय, पहिल्या दिवसाची शिदोरी इथूनच घेऊन निघा.

तुझा,
मामा