कंबरेचा घेर, वय आणि हृदय

शरीरातील चरबी कोठे साठली आहे, हे वजनकाटा सांगत नाही. भारतीयांमध्ये ती पोटाच्या आत, यकृत व आतड्यांभोवती साठण्याकडे कल अधिक असतो. हीच चरबी रक्तदाब, साखर आणि रक्तातील मेद वाढवते. त्यातून हृदयाच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. म्हणून हातपाय बारीक असलेल्यांनीही कंबर मोजावी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून मोजपट्टी धरावी. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढील घेर धोक्याची सूचना समजावा.

रक्तवाहिन्यांत मेद साचण्यास बालपणीच आरंभ होऊ शकतो. गुटगुटीत मूल म्हणजे निरोगी मूल, हा समज आजी-आजोबांना सोडवत नाही. तरी मुलांना रोज किमान ६० मिनिटे धावू-खेळू द्यावे.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते विशी ते पन्नाशीच्या काळात. उच्च रक्तदाब बहुधा कोणताही त्रास देत नाही, आणि लठ्ठपणा जितका लवकर जडतो तितकी अधिक वर्षे रक्तवाहिन्या तो भार सोसतात. गरोदरपणी रक्तदाब किंवा साखर वाढली असेल, तर प्रसूतीनंतर सर्व पूर्ववत झाले तरी त्या स्त्रीला पुढे हृदयविकार व पक्षाघाताचा धोका अधिक राहतो. ती जुनी कागदपत्रे जपून ठेवावीत व प्रत्येक तपासणीत दाखवावीत. रजोनिवृत्तीनंतर चरबी पोटाकडे वळते, तेव्हा पुन्हा कंबर मोजावी. वय ३० पूर्ण झालेल्यांनी आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. ही तपासणी विनामूल्य आहे. ८० किलो वजनाच्या व्यक्तीचे ४ ते ८ किलो उतरले, तरी रक्तदाब व साखरेत सुधारणा दिसू लागते.

साठीनंतर स्नायू घटतात; त्यामुळे काटा स्थिर असूनही चरबी वाढलेली असू शकते. या वयात उपास करून वजन उतरवू नये. डाळ, दूध, अंडी यांसारखा प्रथिनयुक्त आहार व झेपेल तेवढे चालणे हितावह. कारणाविना वजन घटल्यास डॉक्टरांना दाखवावे.

तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात न उचलणे, अचानक बोलणे अडखळणे, किंवा छातीत दाब येऊन घाम सुटणे यांपैकी काहीही दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.