कललेलें लांकडी कोठार : पातळी व आधार

काळ्या जमिनींत खांबांवर उभारलेलें लांकडी कोठार कांहीं वर्षांनीं एका अंगास कलूं लागतें, हा पुष्कळ शेतकरी बंधूंचा अनुभव आहे. प्रथम दार चौकटीस घांसतें. मग तळाच्या फळ्यांत फटी पडून धान्य गळूं लागतें. मालक सुतारास बोलावून दार तासून घेतो. परंतु रोग दारांत नसून पायांत असतो. त्याचा उपाय येथें थोडक्यांत देत आहों.

कारण.— काळी माती पाण्यानें फुगते व वाळली म्हणजे आकसते. वळचणीचें पाणी कडेच्या खांबांशीं मुरतें, तर मधली माती छपराखालीं कोरडी राहते. म्हणून सर्व खांब सारखे वरखालीं होत नाहींत. आम्हीं स्वतः एकदां भर श्रावणांत कोठार समपातळींत आणलें. चैत्रांत तें पुन्हा कललेलें आढळलें. फुगलेल्या जमिनीवर माप घेतलें, ही चूक आमचीच होती. म्हणून प्रथम पाणी दूर काढावें, मग पाया पक्का करावा आणि शेवटीं पातळी साधावी. काम कोरड्या दिवसांत व कोठार रिकामें असतांनाच हातीं घ्यावें.

भाराचा हिशोब.— १० फूट लांब व ८ फूट रुंद कोठारांत ४ फूट उंच ज्वारी भरली, तर ती ३२० घनफूट होते. घनफुटास सुमारें २१ किलो धरल्यास हें वजन ६७ क्विंटल भरतें. तीन ओळींत नऊ आधार असतील, तर कोपऱ्याच्या प्रत्येक आधारावर सुमारें ४, कडेच्या मधल्यावर ८ आणि अगदीं मध्यावरच्या एकट्यावर १७ क्विंटल भार येतो. आपण मात्र उत्तम लांकूड कोपऱ्यांस घालतों व मध्यें उरलासुरला ठोकळा सारतों!

उचलण्याची रीत.— पारदर्शक नळींत पाणी भरून, बुडबुडे काढून, सर्व खांबांवर एकाच पातळीची खूण करावी. खुणेपासून तुळईच्या खालच्या अंगापर्यंतचें अंतर मोजलें म्हणजे कोणता खांब किती खचला हें कळतें. सर्वांत उंच आधार कायम ठेवून बाकीचे त्याच्या बरोबरीस आणावे. जॅक जाड फळीवर ठेवून तुळईखालींच लावावा. तळाच्या फळीस लावूं नये. एका वेळीं पाव इंचच उचलून पुढच्या खांबाकडे जावें. घाई केल्यास सांधे उखळतात. शेजारीं ठोकळ्यांची आडवीउभी चवड रचून ती तुळईस भिडती ठेवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर कोणासहि खालीं जाऊं देऊं नये. जॅक निसटला तर माणूस चिरडतो.

आधारांची बळकटी.— भार चवडीवर घेऊन एका वेळीं एकाच खांबाचा पाया उकरावा. मुरूम तीनचार फुटांवर लागल्यास तेथून दगडी बैठक उचलून घ्यावी. खोल असल्यास काळी माती शक्य तितकी काढून मुरूम पातळ थरांनीं चोपावा व वर रुंद दगड बसवावा. प्रत्येक लांकडांत टोंचा खुपसून पाहावा. तो सहज शिरल्यास किंवा वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्यास तें लांकूड बदलावें. तुळई मध्यें वांकली असेल, तर तेथें नवा आधार द्यावा. मात्र तोहि पक्क्या पायावर उभा हवा. उरलेली फट समोरासमोर ठोकलेल्या दोन पाचरींनीं भरावी. दगड व लांकूड ह्यांमध्यें बाहेर डोकावणारा जस्ती पत्रा घातल्यास ओल चढत नाहीं व वाळवी लपून जाऊं शकत नाहीं.

शेवटीं वळचणीस पन्हळ लावावी आणि भोंवतालची जमीन बाहेर उतरती करावी. मृगापूर्वी व दिवाळीनंतर त्याच खुणांवरून मापें घेऊन वहींत टिपावीं. अर्ध्या इंचाचा फरक वेळींच दिसला, तर दोन पाचरींवर भागतें. न दिसल्यास पुढच्या पेऱ्याचें बियाणें ओलीला व उंदरांना जातें.